अंगणांतील पाचोळा व त्याचा विनियोग

माघ महिना सरत आला म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील खेड्यांत, आणि कल्याण-डोंबिवलीच्या आसपास अद्याप टिकून राहिलेल्या घरवाड्यांत, अंगण झाडण्याचें काम दुप्पट होऊन बसतें. सकाळीं झाडून स्वच्छ केलेलें अंगण दुपारच्या वाऱ्यानें पुन्हां भरतें. साग, ऐन, पळस, सावर, वड, पिंपळ, बदाम हीं झाडें आपापल्या पाळीनें रिकामीं होतात, आणि चैत्राची पालवी फुटेपर्यंत पाचोळ्याचा हा ओघ थांबत नाहीं. तो कोपऱ्यांत लोटावा आणि संध्याकाळीं त्यास काडी लावावी, हा त्याचा सर्वत्र रूढ झालेला निकाल आहे. आपण जाळतों तें नेमकें काय आहे, त्याचा आपल्या भातजमिनीशीं कोणता संबंध आहे, आणि न जाळतां त्याची व्यवस्था कशी लावावी, याचा विचार प्रत्येक जमीनदार शेतकऱ्यानें हिशेबी दृष्टीनें केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. थंड देशांत पानगळ शरद ऋतूंत, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत, होते. तेथें गळलेलें पान लागलीच पावसानें व बर्फानें भिजतें आणि ओलाव्यांत पडून राहून सावकाश कुजूं लागतें. आपल्याकडील क्रम उलटा आहे. आपलीं झाडें पानें टाकतात तीं पाऊस संपून चार महिने झाल्यावर, आणि पुढील पाऊस यावयास आणखी तीन-चार महिने अवकाश असतां. या अवधींत जमिनीवर पडलेलें पान कुजत नाहीं. तें वाळतें, चुरतें, वाऱ्यानें उडतें किंवा जळतें. म्हणून परदेशी पुस्तकांतील पाचोळ्याच्या कृती जशाच्या तशा उचलून आपलें भागत नाहीं. आपल्या प्रदेशांत खरा प्रश्न आहे तो पाचोळा फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत सांभाळावा कसा, हा. एकदां पाऊस हातीं आला कीं कुजविण्याचें अर्धें काम निसर्ग स्वतःच उरकतो.

पान कां गळतें व त्यांत काय उरतें

कोरड्या ऋतूंत पानांवाटे होणारा पाण्याचा व्यय थांबविणें, हा पानगळीचा हेतु होय. देठाच्या बुडाशीं पेशींचा एक निराळा थर तयार होतो; तो सैल पडला कीं पान आपल्याच भारानें किंवा वाऱ्याच्या झुळुकेनें सुटतें. परंतु झाड हें मोठें काटकसरी असतें. पान सोडण्यापूर्वीं तें त्यांतील हरितद्रव्य मोडतें आणि नत्र व स्फुरद यांचा सुमारें अर्धा भाग, कित्येक झाडांत त्याहूनही अधिक, फांदींत व खोडांत परत ओढून घेतें. हिरव्या पानापेक्षां गळलेलें पान नत्रानें दरिद्री असतें तें यामुळें. चुना मात्र बहुतेक सर्व पानांतच राहतो, आणि पानास ताठपणा देणारा लिग्निन नांवाचा काष्ठमय भागही मागें राहतो. हा काष्ठमय भाग कुजावयास कठीण असतो. पण कुजल्यावर जमिनींत अधिक काळ टिकतो तोही हाच.

सर्व झाडांचीं पानें सारख्या वेगानें कुजत नाहींत. शेवगा, पांगारा, शिरीष, गिरिपुष्प यांचीं पानें मऊ असून त्यांत नत्र अधिक असतें. पाऊस लागल्यावर तीं थोड्याच आठवड्यांत ओळखूं येत नाहींत. वड, पिंपळ व बदाम यांचीं पानें त्यांहून सावकाश कुजतात. आंबा, फणस, काजू व साग यांचीं पानें जाड व चिवट असल्यामुळें त्यांस एक सबंध पावसाळाही पुरत नाहीं. बांबूच्या पाल्यांत वाळूचा अंश पुष्कळ असतो, आणि निलगिरीच्या पानांत तेल असतें. हीं दोन्ही कुजविण्याच्या ढिगांत थोडींच घालावीं.

आतां हिशेब पाहूं. वाळलेल्या पाचोळ्यांत नत्राचें प्रमाण वजनाच्या शेंकडा अर्धा ते एक इतकेंच असतें. म्हणजे 1,000 किलो पाचोळ्यांत 5 ते 10 किलो नत्र. युरियांत शेंकडा 46 नत्र असतें. तेव्हां हा सर्व ढीग नत्राच्या दृष्टीनें 11 ते 22 किलो युरियाच्या तोलाचा ठरतो. एवढ्या लाभासाठीं कोणी हजार किलो पाचोळा वाहणार नाहीं, आणि त्यानें तो वाहावा असें सांगणेंही प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पाचोळ्याचें मोल त्यांतील कर्बामुळें आहे. हा कर्ब कुजून मातींत मिसळला म्हणजे जो काळसर, भुसभुशीत अंश तयार होतो, तोच मातीचे कण एकत्र बांधून ठेवतो, पाणी धरतो आणि विकत आणलेलें खत वाहून जाऊं न देतां मुळांच्या हातीं लागेल असें ठेवतो.

ठाणें जिल्ह्यांत वर्षाकांठीं सुमारें 2,500 मिलिमीटर, म्हणजे 100 इंच, पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एवढें पाणी उतरणीच्या वरकस जमिनीवरून वाहूं लागलें म्हणजे प्रथम जातो तो मातीचा वरचा, कुजलेल्या अंशाचा थर. मुरबाड, शहापूर व कल्याण या तालुक्यांत भात काढल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा घेणाऱ्या शेतकऱ्यास याचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. ज्या खाचरांत सेंद्रिय अंश राहिला आहे तेथील ओल मार्गशीर्षांत पुरते. ज्यांत तो राहिला नाहीं तेथील जमिनीस लवकर भेगा पडतात आणि वाल फुलावर येतां येतां सुकतो.

जाळल्यानें काय जातें

पाचोळा जळतो तेव्हां त्यांतील कर्ब जवळजवळ सगळा वायुरूपानें निघून जातो. नत्राचीही तीच गत होते, आणि गंधकाचा बराचसा भाग त्यांच्यामागून जातो. राखेंत पालाश, चुना व कांहीं स्फुरद शिल्लक राहतें. ही राख शेतांत पोंचली तर तिचा उपयोग होतो. पण अंगणाच्या कोपऱ्यांतील राख सहसा शेतांत पोंचत नाहीं. पालाश पाण्यांत सहज विरघळतो, त्यामुळें जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर तो ओहोळास मिळतो. ज्या झाडाच्या मुळांनीं तो खोलवरून वर आणला, त्या झाडासही तो परत मिळत नाहीं.

धुराचा विचार याहून निकडीचा आहे. अर्धवट ओला पाचोळा भडकत नाहीं, धुमसतो. आणि धुमसणाऱ्या पानांच्या धुरांत फुप्फुसांत खोल जाणारे सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो. माघ-फाल्गुनांत सकाळीं व संध्याकाळीं हवा स्थिर असल्यामुळें हा धूर वर न जातां वस्तीवरच रेंगाळतो. दम्याचा विकार असलेलीं माणसें व लहान मुलें यांस त्याचा त्रास प्रथम होतो. शिवाय अंगणापासून पेंढ्याच्या उडवीपर्यंतचें अंतर एका ठिणगीचें असतें. येऊरच्या डोंगरास काय किंवा मलंगगडाच्या रांगेस काय, उन्हाळ्यांत जे वणवे लागतात त्यांस खाद्य पुरवितो तो असाच वाळलेला पाचोळा व गवत.

ज्यांचीं घरें आतां शहराच्या हद्दींत आलीं आहेत, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. ठाणें शहरास 1982 सालीं व कल्याण-डोंबिवलीस 1983 सालीं महानगरपालिका मिळाली, आणि पूर्वीं गांवठाणाच्या हद्दींत असलेलीं अनेक अंगणें नगराच्या कारभाराखालीं आलीं. केंद्र सरकारनें 2016 सालीं काढलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीं रस्त्यावर व उघड्या सार्वजनिक जागेंत कचरा जाळण्यास मनाई केली, आणि बागेंतील कचरा ज्याचा त्यानें आपल्या आवारांत वेगळा ठेवावा असें ठरविलें. पाचोळा इतर केरांत मिसळून गाडींत टाकणें हाही उपाय नव्हे. कल्याणच्या आधारवाडी येथील कचराभूमि 2021 सालीं बंद करण्यांत आली. तत्पूर्वीं तिला वारंवार आगी लागत आणि तो धूर अवघ्या शहरानें सोसला. जो माल एका झाडाखालीं निरुपद्रवीपणें कुजला असता, तोच प्लास्टिकांत मिसळून डोंगराएवढा झाला म्हणजे संकट होतो.

राबाचा प्रश्न

येथें आमचे वाचक विचारतील कीं, पाचोळा जाळणें वाईट, तर पिढ्यानपिढ्या आपण राब भाजतों त्याचें काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर टाळून पुढें जाणें योग्य नव्हे.

राबाची रीत आपल्या जिल्ह्यांत सर्वांस ठाऊक आहे. भाताच्या दाढीच्या जागेवर शेण, त्यावर झाडांचा कवळ व पाचोळा, त्यावर गवत व शेवटीं बारीक माती असे थर देऊन, उन्हाळ्यांत वाऱ्याच्या उलट दिशेनें तो पेटवावयाचा. यांत राखेचा लाभ आहेच. पण उष्णतेचाही मोठा लाभ आहे. तापलेल्या मातींतील तणाचें बीं व किडींचीं अंडीं मरतात, कांहीं नत्र रोपांस लवकर घेतां येईल अशा रूपांत मोकळें होतें, आणि माती भुसभुशीत झाल्यामुळें आवण उपटतांना मुळें तुटत नाहींत. डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह 1912 सालीं राबाच्या पद्धतीवर स्वतंत्र शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. अडाणीपणाची चाल म्हणून हंसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाहीं, हें त्यावरून दिसून येईल.

परंतु राबाची किंमत प्रथमपासूनच जड होती. कवळासाठीं ऐनाचीं व इतर झाडें दरवर्षीं छाटलीं जात; सरकारनें जंगलें राखीव करण्यास आरंभ केला तेव्हां कवळ तोडण्याच्या हक्कावरून शेतकरी व जंगलखातें यांच्यांत तीव्र झगडा उत्पन्न झाला. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारास 1885 सालीं आयोग नेमावा लागला, आणि त्याचा अहवाल 1887 सालीं आला. राब हा त्या चौकशींतील एक मुख्य विषय होता. म्हणजे ज्या पाल्यास आज अंगणांत कोणी विचारीत नाहीं, त्याच पाल्यासाठीं आपल्या पणज्यांनीं सरकारदरबारीं दाद मागितली होती.

आज स्थिति पालटली आहे. वरकस जमिनी विकल्या गेल्या, माणूसबळ कारखान्यांकडे व लोकल गाड्यांकडे वळलें, आणि कवळ तोडावयास रान उरलें नाहीं. दाढीची जागा एक हेक्टर लावणीस सुमारें 10 गुंठे लागते. राबाचा लाभ तेवढ्याच तुकड्यास मिळतो, आणि त्यासाठीं मोठ्या क्षेत्रावरील पाला धुरांत जातो. कुजलेलें खत भरपूर घालून केलेल्या गादीवाफ्यांवरही सशक्त आवण तयार होतें; मात्र तेथें तण हातानें काढावें लागतें, ही त्याची अडचण मोकळेपणानें मान्य केली पाहिजे. कल्याण-कर्जत मार्गावरील नेरळ येथें सगुणा बागेचे शेखर भडसावळे यांनीं प्रचारांत आणलेल्या पद्धतींत तर चिखलणी व लावणी या दोन्ही क्रिया गाळून गादीवाफ्यांवर भात टोकतात. तेथें दाढच नसल्यामुळें राबाचें कारण उरत नाहीं. ज्यास जी रीत सोसेल ती त्यानें पत्करावी. आमचें म्हणणें एवढेंच कीं, राबाच्या जागीं कुजलेलें खत आणावयाचें असेल तर तें आयत्या वेळीं मिळत नाहीं. त्याची तयारी आदल्या वर्षाच्या पानगळींत करावी लागते.

गोळा करणें व राखणें

सगळा पाचोळा उचलण्याची आवश्यकता नाहीं. चालण्याची वाट, खळें, विहिरीचा कठडा, घराचीं कौलें व पन्हळी, आणि पाणी वाहून जाण्याच्या नाळ्या इतक्या जागा स्वच्छ असाव्यात. कौलांवर राहिलेला पाचोळा पहिल्या पावसांत भिजून गळती लावतो, आणि नाळींत अडकलेला पाणी तुंबवून डासांस घर करून देतो. पण आंबा, चिकू, नारळ यांच्या बुंध्याभोंवतालची जमीन खराट्यानें रोज खरवडून काढणें हें झाडाचें अहित करणें होय. तेथें मुळें उघडीं पडतात, जमीन कठीण होते आणि उन्हानें तापते. अशा झाडांखालीं पाचोळा चार-सहा बोटें जाड पसरूं द्यावा. मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवी व ओल खोडास लागणार नाहीं. भाजीच्या वाफ्यांतही असें आच्छादन दिल्यास उन्हाळ्यांत पाण्याची पाळी लांबवितां येते.

उरलेला पाचोळा सकाळीं, दंवानें किंचित् मऊ असतांना, गोळा करावा. तो कमी चुरतो व धूळ कमी उडते. प्लास्टिक, कांच, तार, चुनासिमेंटचा चुरा व रोगट झाडांचीं पानें निवडून बाजूस काढावीं. साठविण्यासाठीं बांबूच्या कामट्यांचें किंवा जाळीचें चार-पांच हात रुंद कुंपण करून त्यांत पाचोळा पायानें दाबून भरावा, आणि वाऱ्यानें उडूं नये म्हणून वर फांद्या व थोडी माती टाकावी. हें कुंपण घर, गोठा व पेंढ्याची उडवी यांपासून दूर असावें आणि त्याच्या भोंवतालचें गवत कापून टाकावें. जुन्या ढिगांत हात घालण्यापूर्वीं तो दांताळ्यानें हलवून पाहावा. फुरसें, घोणस व मण्यार यांस अशी जागा प्रिय असते, आणि हें काम बहुधा घरांतील स्त्रियांकडे असल्यामुळें त्यांच्या पायांत जोडे व हातांत दांताळें असेल हें पाहणें घरधन्याचें कर्तव्य आहे.

ज्यांच्याकडे गुरें आहेत त्यांनीं पाचोळा साठवीत न बसतां रोज थोडाथोडा गोठ्यांत अंथरावा. याहून उत्तम विनियोग दुसरा नाहीं. गुरांच्या मूत्रांत शेणाहून अधिक नत्र असतें, आणि तेंच बहुतेक घरीं नाळीवाटे वाहून जातें. पाचोळ्याचें अंथरूण तें शोषून घेतें; आधींच नत्रानें दरिद्री असलेल्या पानास जें हवें तें तेथेंच मिळतें, आणि खुरांखालीं पान चुरल्यामुळें पुढें तें लवकर कुजतें. अंथरुणांत बाभळीचे वा बोरीचे कांटे नसावेत. कण्हेरीचीं पानें तर मुळींच येऊं देऊं नयेत, कारण तीं गुरांस विषारी आहेत.

कुजविण्याची रीत

पाचोळा कुजवितात ते डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव होत. त्यांस कर्ब हें अन्न व नत्र ही शरीरबांधणीची सामग्री. सुमारें 30 भाग कर्बास 1 भाग नत्र मिळालें कीं त्यांचें काम झपाट्यानें चालतें. नुसत्या वाळलेल्या पाचोळ्यांत 1 भाग नत्रास 50 किंवा त्याहून अधिक भाग कर्ब असतो, म्हणून तो एकटा रेंगाळतो. शेण, मूत्र किंवा हिरवा पाला मिसळून ही उणीव भरून काढावयाची, इतकेंच या शास्त्राचें मर्म आहे. याच कारणास्तव वाळका पाचोळा लावणीच्या तोंडावर खाचरांत गाडूं नये. सूक्ष्म जीव आपली गरज भागविण्यासाठीं मातींतील नत्र ओढून घेतात आणि भात पिवळें पडतें.

या विषयांत आपल्या देशांत मोठें काम झालें आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड हे 1924 ते 1931 पर्यंत इंदूर येथील संशोधनसंस्थेंत होते. तेथें त्यांनीं यशवंत वाड यांच्या साहाय्यानें शेतांतील टाकाऊ मालाचें खत करण्याची जी पद्धत बसविली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली, आणि त्या दोघांचा ग्रंथ 1931 सालीं प्रसिद्ध झाला. तींत थर रचून ठराविक अवधीनें ढीग परततात व सुमारें तीन महिन्यांत खत हातीं येतें. बंगलोर येथें डॉ. आचार्य यांनीं 1939 सालीं सुचविलेल्या पद्धतींत खड्डा भरून वरून चिखलानें लिंपून टाकतात. परतण्याचे श्रम वांचतात, पण सहा ते आठ महिने थांबावें लागतें. आपल्या महाराष्ट्रांतील पुसद येथील नारायण पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत तिसरी. तींत जमिनीवर 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच असें झरोक्यांचें विटांचें टांकें बांधून त्यांत सुमारें 1,400 ते 1,500 किलो पालापाचोळा, 90 ते 100 किलो शेण व 1,750 किलो चाळलेली माती थरांनीं भरतात; तीन ते चार महिन्यांत खत तयार होतें. शेण थोडें असणाऱ्यास ही पद्धत विशेष सोयीची आहे.

आपल्या पावसाचा विचार करतां एक भेद लक्षांत ठेवावा. देशावर ओल टिकावी म्हणून खड्डा बरा. कोंकणांत आषाढ-श्रावणांत खड्डा पाण्यानें भरतो, हवा कोंडते आणि खत न होतां घाण सुटते. म्हणून आपण ढीग जमिनीवर, शक्य तर थोड्या उंचवट्यावर रचावा व त्याभोंवतीं चर काढावा.

वैशाखाच्या अखेरीस, पावसापूर्वीं आठ-पंधरा दिवस, पुढीलप्रमाणें ढीग रचावा. तळाशीं जाड फांद्या व तुराट्या वीतभर घालाव्यात, म्हणजे खालून हवा खेळेल. त्यावर गोठ्यांतील भिजलेला किंवा साठविलेला पाचोळा वीतभर, त्यावर शेणाचा पातळ काला, त्यावर मूठमूठ जुनें खत व माती, असे थर द्यावेत. स्थूलमानानें चार टोपल्या पाचोळ्यास एक टोपली ताजें शेण घ्यावें. ज्याच्या घरीं गुरें नाहींत त्यानें शेजारच्या गोठ्यांतून वा तबेल्यांतून तें मागून आणावें. ढिगाची रुंदी पांच-सहा फूट व उंची चार फूट असावी. याहून लहान ढीग तापत नाहीं आणि याहून मोठ्याच्या पोटांत हवा पोंचत नाहीं. लांबी सोयीप्रमाणें ठेवावी. मूठभर माल दाबला असतां बोटांतून एक-दोन थेंब यावेत, इतकी ओल पुरेशी असते.

बरोबर रचलेला ढीग चार-सहा दिवसांत आंतून तापतो. ही उष्णता 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि तणाचें बीं व बहुतेक रोगबीजें मारून टाकते. तीन आठवड्यांनीं ढीग परतून बाहेरचा माल आंत घ्यावा, आणि आणखी तीन आठवड्यांनीं पुन्हां एकदां परतावा. ढीग तापला नाहीं तर शेण कमी पडलें किंवा ओल कमी आहे असें समजावें. दुर्गंधि आली तर पाणी फार झालें व हवा कमी पडली असें समजून वाळका पाचोळा मिसळावा. पहिल्या पावसानें ढीग चांगला भिजूं द्यावा. त्यानंतर मात्र झांपांनीं, पेंढ्यानें किंवा ताडपत्रीनें तो शाकारावा, नाहींतर तयार झालेलें अन्न धुपून जाईल. पहिला परतावा देतांना बांधावरचा गिरिपुष्पाचा पाला व माळावर माजलेला टाकळा फुलावर येण्यापूर्वीं उपटून त्यांत मिसळावा. यास पैसा पडत नाहीं आणि नत्राची भर पडते.

नारळ लावणाऱ्यांस एक इशारा देणें आवश्यक आहे. गेंड्या भुंगा आपलीं अंडीं कुजणाऱ्या खतांतच घालतो, आणि तेथें वाढलेल्या अळ्यांचे भुंगे होऊन माडाच्या शेंड्यास भोंकें पाडतात. म्हणून ढीग परततांना सांपडणाऱ्या जाड, पांढऱ्या, वांकड्या अळ्या वेंचून नष्ट कराव्यात, आणि तयार खत वर्षानुवर्षें तसेंच पडूं देऊं नये.

दसऱ्याच्या सुमारास ढीग दबून निम्म्याहून कमी झालेला असेल, पान ओळखूं येईनासें झालें असेल आणि मालास पहिल्या पावसांतील मातीसारखा वास येईल. हें तयार झाल्याचें लक्षण. आंबा, फणस व साग यांचीं जीं पानें अद्याप अखंड राहिलीं असतील, तीं चाळून पुढील ढिगाच्या तळीं घालावीं. तयार खतापैकीं कांहीं भाग वाल व भाजीपाला यांस द्यावा, आणि उरलेला सावलींत झांकून पुढील ज्येष्ठांतील दाढीसाठीं राखावा.

या शेवटल्या सांठ्यावरच राबाच्या प्रश्नाचा निकाल अवलंबून आहे. आणि तो निकाल कोणाच्या लेखावरून न लावतां ज्याच्या त्यानें आपल्या जमिनीवर लावावा, हेंच आम्हांस इष्ट वाटतें. पहिल्या वर्षीं कोणीही राब एकदम सोडूं नये, कारण त्याची जागा घेणारें खत अद्याप हातीं नसतें. यंदाच्या पानगळींत एक ढीग रचावा. पुढील वर्षीं दाढीच्या जागेचे दोन सारखे भाग करावेत. एकावर नेहमींप्रमाणें राब भाजावा, दुसऱ्यावर गादीवाफे करून हें खत मातींत मिसळावें. बीं एकाच पोत्यांतील व पेरणी एकाच दिवशीं असावी. आवणाची उंची, फुटवे, उपटतांना मुळांची स्थिति, आणि खुरपणीस लागलेले मजूर यांची टिपणवही ठेवावी. लावणीही वेगवेगळ्या खाचरांत करून मळणीच्या वेळीं दोहोंचें माप घ्यावें. खुरपणीचा खर्च एका बाजूस, कवळ तोडून वाहून आणण्याचा खर्च दुसऱ्या बाजूस, असा हिशेब मांडला म्हणजे कोणत्या शेतांत कोणती रीत फायद्याची हें आपोआप दिसेल. सभासदांनीं हीं टिपणें मंडळाकडे पाठविल्यास तीं एकत्र करून सर्वांपुढें ठेवतां येतील. तोंपर्यंत अंगणांतील पाचोळ्यास काडी लावूं नये, एवढीच विनंति आहे.